तेवीस नंबरची चकती

माझ्या शिवणाच्या मशीनशेजारी एक लोखंडी चकती असते. मोठ्या नाण्याएवढी, बोटाच्या पेराइतकी जाड. कापड सरकू नये म्हणून मी ती वर ठेवते. परवा नातीने ती उचलली, मधल्या खरबरीत भागावरून नख फिरवलं आणि विचारलं, "आजी, हिला उंदरांनी कुरतडलंय का गं?"

"उंदरांनी नाही, पाण्यानं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू आता आजीच्या गोळ्या बदलायची वेळ आली. तिचा दोष नाही. पाणी लोखंड खातं हे ऐकून कोणालाही हसूच येईल. मी मात्र पाण्याने खाल्लेल्या लोखंडावर पोट भरणाऱ्या घरात वाढले.

माझे बाबा शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात वेल्डर होते. नदीचं पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवायला तिथे चार अजस्र पंप होते. पंपाच्या पोटात एक पात्यांचं चाक फिरतं. त्याला आम्ही सगळे पंखाच म्हणायचो. पंखा वेगात फिरला की पात्याच्या पाठीशी पाण्याचा दाब एकदम उतरतो आणि तिथे बुडबुडे उठतात. मोहरीहून लहान. पुढे दाब वाढला की ते मिटतात. पण मिटताना असा टोला देतात की धातूचा कण उडतो. एका बुडबुड्याने काय होतंय म्हणाल, तर काहीच नाही. पण ते दिवसरात्र, लाखोंनी मिटत असतात. वर्षाने पंप उघडला की पातं मधाच्या पोळ्यासारखं दिसायचं. उरलेलं काम गंज करायचा.

मग बाबा त्या पंख्यात आडवे होऊन शिरायचे. पोखरलेला भाग खरडून काढायचे आणि खड्ड्यात न गंजणाऱ्या पोलादाचा रस भरायचे. भरलेल्या रसाची प्रत्येक रेघ गरम असतानाच छोट्या हातोडीने ठोकायची, मग घासून सपाट करायची. शेवटी हातमोजा काढून डोळे मिटायचे आणि तळहात सावकाश पात्यावरून फिरवायचे. हात कुठे अडला की तिथे खडूने फुली. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, आणि मिस्त्रींनी हात फिरवल्याशिवाय पंपाचं झाकण लागत नसे.

पंपघराला लागून एक चाचणीची खोली होती. एकोणिसाव्या वर्षी मी तिथे लागले. खोलीचे साहेब उंच, किंचित वाकलेले. लोखंडी सळईचं एक टोक चालत्या पंपाला आणि दुसरं आपल्या कानाला लावून ते उभे राहायचे आणि म्हणायचे, "खडी वाजतेय आत. पोटात खडी वाजतेय." म्हणून त्यांचं नाव डॉक्टर पडलं होतं. ते लोखंडावर फवारायचा एक लेप तयार करत होते. ज्वाळेतून धातूची भुकटी उडवायची, ती वितळून पात्यावर थापली जाते, असा तो प्रकार. त्यात त्यांची सहा वर्षं गेली होती.

लेप टिकतो की नाही हे बघायला एक यंत्र होतं. काचेच्या भांड्यात पाणी, पाण्यात चकती, आणि चकतीच्या डोक्यावर थरथरणारी एक दांडी. ती सुरू झाली की पाण्यात पांढरा धूर उठल्यासारखे बुडबुडे व्हायचे, आणि आवाज असा की दात आंबावेत. कानात कापूस घालून आम्ही बसायचो. वर्षभराची झीज तीन तासांत.

त्या चकत्यांचं वजन करणं हे माझं काम. चाचणीआधी एकदा, नंतर एकदा. काचेच्या पेटीतला तराजू, दोन पितळी पारडी, मधे बारीक काटा. वजनं चिमट्याने उचलायची, कारण बोटाच्या घामालाही वजन असतं. मिलिग्रॅमचा हिशेब चाले. त्यावरून डॉक्टरांनी मला, सोनाराच्या गुंजभर वजनाच्या नावाने, रत्ती म्हणायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात ते नाव फाटकापर्यंत पोचलं. भिंतीवर त्यांच्याच अक्षरात नियम लावले होते: चकती धुवा. स्पिरिटने पुसा. दहा मिनिटं गरम हवा द्या. पारड्यात ठेवा. काटा पहिल्यांदा थांबला की आकडा लिहा, उगाच टक लावून बसू नका.

मी नियम कधी मोडला नाही. पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

तिसऱ्या पंपाला नवा पंखा येणार होता. त्याला बाबांच्या वेल्डिंगचं अस्तर द्यायचं की डॉक्टरांचा लेप, ते मोठे साहेब आमच्या आकड्यांवर ठरवणार होते. लेप जिंकला तर वेल्डिंगचं शेड बंद, आणि बाबांची बदली फाटकावर, येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद करायला. बाबा तेव्हा बावन्न वर्षांचे. ते फाटकावर खुर्ची टाकून बसलेत हे चित्र सारखं माझ्या डोळ्यांपुढे यायचं. आणि दुसऱ्या बाजूला कोण? ज्यांनी मला आठ दिवस शेजारी बसून तराजू शिकवला, एकदाही आवाज चढवला नाही, ते डॉक्टर.

आकडे येत गेले. साधं पोलाद तीन तासांत सव्वीस मिलिग्रॅम झिजलं. बाबांच्या वेल्डिंगची चकती चार. डॉक्टरांचा लेप एक.

एक! डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "रत्ती, पुन्हा कर." दुसरी चकतीही एक, तिसरी दीड. त्या दिवशी त्यांनी सळई खांद्यावर टाकून पंपघराला दोन फेऱ्या मारल्या.

आमच्या सामानाच्या कोठारावर एक गृहस्थ होते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून कुलूपकाका. त्यांना बाबांच्या शेडचा धूर अजिबात खपत नसे. "चला, सुटलो," ते बाबांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आता माझ्या कोठारातल्या कागदांवर काजळी बसणार नाही. काय मिस्त्री, फाटकावर खुर्चीला गादी लागेल ना? सांगून ठेवा, आमच्याकडे एक जुनी आहे."

"गादी तुम्हीच ठेवा काका," बाबा म्हणाले. "बसायचा सराव तुम्हाला जास्त."

सगळे हसले, बाबाही हसले. घरी मात्र जेवताना नुसते ताटाकडे बघत बसले. मग मला म्हणाले, "एक म्हणजे खरंच एक?"

"खरंच एक, बाबा."

"मग चांगला आहे त्याचा लेप." एवढं बोलून ते उठले.

आता तेवीस नंबरच्या, म्हणजे आज माझ्या मशीनशेजारी असलेल्या, चकतीची गोष्ट. ती लेपाची शेवटची चकती. सोमवारी आकडे मोठ्या साहेबांकडे जायचे होते आणि हा गुरुवार. मी चकती धुतली, पुसली, वाळवली, पारड्यात ठेवली. काटा थांबला. वजन आलं, झीज एक मिलिग्रॅम. मी आकडा लिहिला, तेवढ्यात दारातून कुलूपकाका ओरडले, "रत्ती, स्पिरिटची नवी बाटली न्यायची असेल तर आत्ता ये. मी जेवायला गेलो की कुलूप!"

मी धावले. पारडी उचलून अडकवायची, चकती काढायची, पेटी झाकायची, सगळं तसंच राहिलं. वर काकांना सही हवी, सहीला पेन नाही, पेन सापडलं तर शाई नाही. मग डबाही तिथेच उरकला. परत आले तेव्हा पाऊण तास झाला होता. पेटी उघडीच होती. चालू तराजू सोडून जाणं म्हणजे आमच्या खोलीतलं महापाप.

काटा मधे नव्हता. वजनांचं पारडं खाली गेलं होतं, चकतीचं वर.

आधी वाटलं, वाऱ्याने हललं असेल. दार लावलं, पुन्हा तोललं. चकती पाच मिलिग्रॅमने हलकी झाली होती. तिला कोणी हात लावला नव्हता, यंत्र बंद होतं. पारड्यात बसल्या बसल्या लोखंड झिजतं का?

मग मला आठवलं. लेपाच्या चकत्यांचा काटा नेहमीच थांबल्यावर किंचित सरकायचा. वेल्डिंगच्या चकत्यांचा कधीच नाही. मला ते कित्येक आठवड्यांपासून दिसत होतं. पण नियम होता ना, पहिल्यांदा थांबला की लिहा. मी लिहीत गेले.

लेपाला बारीक छिद्रं होती. तो पाणी पीत होता. वरून धातूचे कण उडत होते आणि आत पाणी भरत होतं. जेवढं गेलं जवळपास तेवढंच आलं. दहा मिनिटांच्या गरम हवेने वरचं वाळायचं, आतलं राहायचं. मी धातूऐवजी पाणी तोलत बसले होते.

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्यांचा चेहरा उजळेल. त्यांनी हातातला टॉवेल खुंटीवर अडकवला आणि विचारलं, "हे कोणाला बोललीस?"

"अजून नाही. उद्या वहीत लिहिणार आहे."

"लिहू नकोस."

"बाबा, आकडे चुकलेत."

"असतील. पण ते काढणार कोण? मिस्त्रीची पोर. सोमवारी निकाल, आणि शुक्रवारी मिस्त्रीच्या पोरीला चूक सापडली. काय म्हणतील लोक? बापाला वाचवायला वजनं फिरवली म्हणतील. मी फाटकावर बसेन. पण माझ्यासाठी तू काटा वाकवलास असं कोणी म्हटलेलं मला सोसणार नाही."

"आणि पंखा? तो वर्षात पोखरला तर?"

"तर उघडतील आणि बघतील."

ते हट्टाने बोलत नव्हते, हे जास्त अवघड होतं. माझ्या नावाला डाग लागू नये म्हणून ते स्वतःचं तीस वर्षांचं काम सोडून द्यायला निघाले होते.

आई आतून सगळं ऐकत होती. तिने तराजू कधी पाहिलासुद्धा नव्हता. बाहेर येऊन ती म्हणाली, "एवढं काय त्यात? तू तोलू नकोस. ज्याला यांचं तोंड बघवत नाही, त्याला तोलायला सांग."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "कुलूपकाकांना?"

"मला काय माहीत कोण ते. तुम्हीच रोज घरी येऊन नाव घेता."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले तेव्हा मी दारातच उभी होते. मी सांगितलं, "डॉक्टर, काल मी तराजू उघडा टाकून गेले." आधी माझी चूक, मग बाकीचं. मी म्हटलं, "भट्टीत दोन तास वाळवून पुन्हा तोलू या. माझ्या बाबांच्या चकत्यासुद्धा. पण मी हात लावणार नाही."

"मग कोण लावणार? मी लावला तर म्हणतील, स्वतःच्या लेपाला राखलं."

"कुलूपकाका."

त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "त्याला चिमटा धरता येतो का?"

येत नव्हता. पण काकांना सांगितलं की तुमच्याशिवाय हे काम कोणावर सोपवता येत नाही, तेव्हा ते हात दोनदा धुऊन, बाह्या सावरून आले. "मी तोंडावर सांगतो," ते म्हणाले. "लेप जिंकावा अशी माझी इच्छा आहे. नंतर कुरकुर नको."

"म्हणून तर बोलावलं," डॉक्टर म्हणाले.

चार चकत्या भट्टीत गेल्या: दोन लेपाच्या, दोन वेल्डिंगच्या. दोन तासांनी त्या काचेच्या झाकणबंद भांड्यात निवत ठेवल्या. त्याच्या तळाशी ओल शोषणारे निळे खडे असायचे. मग काका तराजूपुढे बसले. पहिलं वजन त्यांनी दोनदा पाडलं. मी भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभी. बाबांना डॉक्टरांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

"ही मिस्त्रींची," काका म्हणाले. "चार मिलिग्रॅम. जुना आकडा किती?"

"चार," डॉक्टर वहीत बघून म्हणाले.

"दुसरी. चार. हिचा?"

"चारच."

"मग भट्टीने काय फरक पडला? उगाच माझी सकाळ घालवली." त्यांनी लेपाची चकती ठेवली. काटा सोडला. वजन काढलं, परत ठेवलं, परत काढलं. मान पुढे गेली. "अरे, हे काय."

"वाचा काका."

"नऊ." त्यांचा आवाज खाली आला. "डॉक्टर, मी नीट तोललं. तीनदा बघितलं. नऊ मिलिग्रॅम गेलेत. तेवीस नंबर." आणि त्यांना माझ्याकडे बघवेना, म्हणून ते तराजूच्या काचेकडे बघत म्हणाले, "पोरगी बरोबर आहे."

दुसरीचाही आकडा नऊच्या जवळच आला. डॉक्टरांनी चकती चिमट्याने उचलली, खिडकीशी नेली, उजेडात तिरकी धरली. सहा वर्षं त्या चिमट्याच्या टोकाला होती. मला वाटलं, आता हे मला जा म्हणतील. मग त्यांनी स्पिरिटच्या बाटलीतून एक थेंब लेपावर टाकला. थेंब पसरला आणि आत मुरला. त्यांनी दुसरा टाकला. तोही मुरला.

"मिस्त्री," ते वळून म्हणाले, "आत या ना. बाहेर काय उभे राहता? हे बघा. पितो हा."

बाबा आत आले, वाकून बघू लागले.

"पाणी आत जातं," डॉक्टर म्हणाले, आता जरा भरभर. "म्हणजे वाट आहे. पाण्याला वाट आहे तर दुसऱ्या कशालाही आहे. पातळ राळ घेतली, गरम करून लेपावर फासली, तर ती याच वाटेने आत जाईल आणि तिथेच घट्ट होऊन बसेल. मग पाण्याला जागा कुठे? मी सहा वर्षं भुकटी बदलतोय, आणि छिद्रं बुजवायचा विचार नाही केला, कारण छिद्रं आहेत हेच कोणी सांगितलं नाही मला." मग ते माझ्याकडे वळले. "तो शेवटचा नियम कोणी लिहिला गं? टक लावून बसू नका म्हणून?"

"तुम्हीच."

"फाडून टाक तो."

बाबा अजून चकतीकडेच बघत होते. "राळ भरली तरी साहेब, जिथे बुडबुड्यांचा मारा जास्त तिथे ही टिकायची नाही. सोलून निघेल."

"नाही टिकणार," डॉक्टर म्हणाले. "तिथे तुमचंच हवं. पण तुमच्या अस्तराच्या कडेला गंज धरतो, जिथे जुनं लोखंड सुरू होतं तिथे. दर वर्षी बघतो मी."

"धरतो," बाबा म्हणाले. तेवढं कबूल करायला त्यांना किती जड गेलं हे मलाच माहीत. "ती कड मला कधी जमली नाही."

"मग कडेवरून माझा लेप घेऊ. माऱ्याच्या जागी तुम्ही, बाकी सगळीकडे आणि तुमच्या कडेवरून मी."

"म्हणजे धूर राहणारच," कुलूपकाका म्हणाले.

"राहणार," दोघं एकदम म्हणाले.

मोठ्या साहेबांनी सोमवारी आकडे पाहून नाक मुरडलं, आणखी दोन महिने मागितले म्हणून कुरकुरले, पण दिले. त्या दोन महिन्यांत मी एकशे बारा चकत्या तोलल्या. प्रत्येक भट्टीतून काढून, प्रत्येकीचा काटा पाच मिनिटं टक लावून बघून. राळ भरलेल्या लेपाचा काटा जागचा हलत नसे. गंजाच्या टबात, खाऱ्या पाण्यात, सहा आठवडे राहूनही बाबांच्या अस्तराची कड त्या लेपाखाली स्वच्छ निघाली. बाबा रोज जेवणाच्या सुट्टीत टबात डोकावून जायचे, सहज आल्यासारखं दाखवत.

पंखा बसला. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सळई कानाला लावली आणि म्हणाले, "खडी वाजतेच आहे." बुडबुडे थोडेच थांबणार होते. ते वाजतच राहिले, वर्षभर. त्या वर्षात बाबांच्या शेडवर कोणी टाळं लावायचं नाव काढलं नाही. पण सगळे वाट बघत होते, हेही खरं. वर्षाने पंप उघडून पातं पोळ्यासारखं निघालं असतं, तर लेप, अस्तर आणि माझा शब्द, तिन्ही गेले असते.

उघडायच्या दिवशी पंपघरात जागा नव्हती. कुलूपकाका कोठार बंद करून पुढे उभे होते, तेही जेवणाची वेळ नसताना. झाकण क्रेनने वर गेलं. पंखा ओला, काळपट, गाळाने माखलेला. पोरांनी पाण्याने धुतला. डॉक्टर पुढे झाले नाहीत. त्यांनी नुसता हात केला, मिस्त्री, आधी तुम्ही.

बाबा वाकून आत शिरले. बाहेरून फक्त त्यांचे बूट दिसत होते. एक पातं, दुसरं, तिसरं. खडू मागितला नाही. चौथं. मग आतून हाक आली, "रत्ती!" कामावर त्यांनी मला त्या नावाने हाक मारलेली ती पहिलीच वेळ.

मी पदर खोचून, गुडघ्यांवर रांगत आत गेले. आत थंड होतं आणि नदीचा वास होता. बाबांनी माझं मनगट धरलं, माझा तळहात पात्याच्या पाठीवर ठेवला, जिथे मारा सगळ्यात जास्त, आणि म्हणाले, "डोळे मीट."

मी मिटले. त्यांनी माझा हात सावकाश ओढत नेला. अस्तरावरून कडेकडे, कडेवरून लेपावर. एका ठिकाणी किंचित खरबरीत लागलं, मांजराच्या जिभेसारखं, आणि मग पुन्हा गुळगुळीत. अस्तर कुठे संपलं आणि लेप कुठे सुरू झाला, ते मला कळलं नाही.

"कुठे अडला?" बाबांनी विचारलं.

"इथे जरासा. बाकी कुठेच नाही."

"मला पण तेवढंच लागलं." त्यांनी माझा हात सोडला. अंधारात त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण आवाजातलं हसू मला ओळखू आलं. "जा, बाहेर सांग. आणि वहीत लिही."